लिलावातली जीप

लालासाहेबानं पुण्याकडच्या मिलिटरीच्या लिलावातनं जुनी जीप आणली, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं. रंगूबाई तेवढी सोप्यातनं उठली नाही.

"वन्सं, चला की ओवाळायला," लालासाहेबाची बायको शालूबाई ताट घेऊन दारात उभी राहिली.

"मी न्हाई येत जा. लष्करानं टाकून दिलेलं डबडं ते. त्यास्नी नकोसं झालं, आन ह्याला वाजतगाजत पायजे झालं. उद्या कुणी खंगलेला बैल इकाया काढला तर त्योबी आणंल हा, शिंगाला रंग लावून."

गावाला तो लालासाहेब होता, सोसायटीचा चेअरमन. रंगूबाईला मात्र तो लालाच. ती त्याची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ऐन उमेदीत माहेरी परतली, आणि लगेच आईही गेली. तेव्हापासून लालाचं नाक पुसण्यापासून ते रहिमतपूरच्या बाजारात गुळाच्या ढेपा घालण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढं कारखाना झाला, ऊस कारखान्याला जायला लागला, हातात पैसा खेळायला लागला, आणि लालाच्या अंगात साहेब शिरला असं तिचं मत होतं. आधी त्यानं काळा चष्मा घेतला. मग तो चष्मा लावून घरातच हिंडायला लागला. आणि आता पेट्रोल महागलं म्हणून मोटरसायकलवाले सायकलीवर उतरत होते, तेव्हा ह्यानं जीप आणली.

त्यात बारीकशी अडचण अशी, की लालाला जीप चालवता येत नव्हती.

गावातला गुंडा मिलिटरीत ड्रायव्हर होता. पेन्शन घेऊन नुकताच परतला होता. लालानं त्याला चालवायला नाही, शिकवायला ठेवलं. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला माणूस मालक दिसत नाही, असं त्याला वाटे. गुंडाही काही खालमानेनं वागणारा गडी नव्हता. इस्त्रीची खाकी विजार, वर वळवलेल्या मिशा, आणि सगळ्या गावाकडं बघायची नजर अशी, जणू हे सगळे भरतीत नापास होऊन परत आलेले.

रोज सकाळी खळ्यावर शिकवणी चाले. रंगूबाई सोप्यात ज्वारी निवडत बसे आणि बघे.

"पहले न्यूट्रल देखो!" गुंडा ओरडायचा. "मोठी दांडी हलवून बघा. सैल हाय? मग हँडब्रेक. मग चोक ओढा. मग पाय ष्टार्टरवर. लालासाब, अंगठा! अंगठा बाहेर!"

हे अंगठ्याचं खूळ त्याच्या डोक्यातनं जात नव्हतं. स्टेअरिंग धरताना अंगठे आत गुंतवायचे नाहीत, बोटांबरोबर वरनं ठेवायचे. चाकाला दगड लागला की स्टेअरिंग गरकन फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. हँडल मारून गाडी सुरू करतानाही तेच.

जीपला मोठ्या दांडीशेजारी दोन बारक्या दांड्या होत्या. त्यांच्यावर तर गुंडा कीर्तन केल्यासारखा रंगायचा.

"डावी बारकी दांडी टाकली की फुडची चाकंबी वढायला लागत्यात. उजवी टाकली की गाडीला हत्तीचं बळ येतं, पर चाल गोगलगाईची. वाळूत, चिखलात आधी थांबायचं. मग डावी. मग उजवी. मग पयला गेर. क्लच सोडायचा हळू, वासराला दावं ढिलं करतो तसा. चाक रिकामं फिराया लागलं की एक्सलेटरवरनं पाय काढायचा. न्हाईतर गाडी आपली कबर आपुनच खनती. आन डांबरी सडकंवर आलं की दोनीबी दांड्या काढायच्या. समजलं?"

"समजलं," लाला म्हणायचा, आणि त्याला काही समजलेलं नसायचं. त्याचं अर्धं लक्ष रस्त्यानं कोण बघतंय तिकडं असायचं.

रंगूबाईला मात्र ह्या शिकवणीत फार मजा येई. दुपारी विहिरीवर बायका धुणं आपटत असताना ती पदर खोचून उभी राही, मिशांना पीळ दिल्यासारखं करी, आणि गुंडाच्या आवाजात ओरडे, "पहले न्यूट्रल देखो! अंगठा बाहेर!" मग सगळी कीर्तनं पहिल्यापासनं शेवटपर्यंत. दावं, गोगलगाय, कबर, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मधेच लालाचं "समजलं, समजलं" काढी, तोंड आंबट करून. बायका हसून हसून धुणं विसरत. शालूबाईही गालात हसे आणि मग नवऱ्याच्या धाकानं इकडं तिकडं बघे.

गुंडाची शिकवणी एके दिवशी अचानक संपली. कारखान्याकडची माणसं उसाची पाहणी करायला आली होती, आणि त्यांच्यासमोर लालानं जीपचा फेरा मारून दाखवायचं ठरवलं. स्टेअरिंग धरल्याबरोबर शेजारी बसलेल्या गुंडानं त्याच्या हातावर फाटदिशी चापट मारली. "अंगठा! कितींदा सांगायचं?"

पाहुणे हसले. त्याच संध्याकाळी लालानं गुंडाला निरोप धाडला, की आता गाडी शिकून झाली आहे, उद्यापासून येऊ नकोस.

"शिकला, बाई, शिकला माझा लाला," रंगूबाई चुलीपाशी म्हणाली. "आता आभाळातनं चालवंल."

दिवाळी जवळ आली. त्या साली रासायनिक खत मिळत नव्हतं. मिळालं तर परवडत नव्हतं. म्हणून लेंडीखतासाठी खोडव्याच्या रानात मेंढरं बसवायची होती. माण तालुक्यातला कोंडीबा धनगर दरसाल दिवाळीनंतर कळप घेऊन खाली येई. त्या वर्षी दुसऱ्या कुणी आधी गाठू नये म्हणून त्याच्याच वाडीवर जाऊन ठरवून यायचं होतं. कोंडीबाशी बोलणं रंगूबाईचं. लालाला मेंढरातलं काहीच कळत नसे. म्हणून नाइलाजानं ती जीपमध्ये बसली.

औंधापर्यंत रस्ता बरा होता. डोंगरावरच्या यमाईला तिनं बसल्या जागेवरनंच हात जोडले. त्यापुढं खडी, धूळ आणि लालाचं बोलणं.

"बघ आक्का, कशी पळती. एसटीला लागला असता निम्मा दिस."

"एसटीत हाडं जाग्यावर ऱ्हात्यात," रंगूबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात लोखंडी दांडीला चिकटले होते.

कोंडीबाच्या वाडीवर बोलणं चांगलं झालं. त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, दुधाचा चहा दिला. भाव ठरला. कोंडीबा रान बघायला संगतीच येणार होता, आणि वाटेत एका पाव्हण्याला द्यायला एक मेंढाही बरोबर घ्यायचा होता. मेंढ्याला मागं चढवताना तिघांनाही घाम फुटला. मेंढ्याचा जीपवर अजिबात विश्वास नव्हता, आणि रंगूबाईला त्याचं मत पटलं.

परत निघाले तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालं होतं. सकाळी गाड्यांच्या वाटेनं आले तेव्हा माण नदीत नुसती वाळू होती. आता मधनं घोट्याएवढा ओघळ वाहत होता. कोंडीबा मागनं म्हणाला, "मालक, बैलगाड्यांच्या वाटंनं घाला. तिथं तळ कडक हाय."

"बैलगाडीला वाट लागती," लालानं चष्मा नाकावर नीट बसवला. "ही मिलिटरीची गाडी हाय."

आणि त्यानं जीप सरळ वाळूत घातली.

नदीच्या मध्यावर येता येता जीप जड झाली, कण्हली आणि थांबली. लालानं एक्सलेटर दाबला. मागची चाकं सूं करून फिरली, ओली वाळू कोंडीबाच्या पटक्यावर उडाली. लालानं आणखी दाबला. जीपचं बूड खाली खाली बसायला लागलं.

रंगूबाईला राग आला की तिला बोलल्याशिवाय राहवत नसे, आणि आता तर तिला भयंकर राग आला होता. ती गुंडाच्या आवाजात ओरडली, "चाक रिकामं फिराया लागलं की पाय काढायचा! न्हाईतर गाडी आपली कबर आपुनच खनती! समजलं?"

लालानं दचकून पाय काढला. इंजिनाचा आवाज खाली आला. मागं मेंढा खाकरला.

"फुडं काय हुतं त्यात?" लाला हळूच म्हणाला.

"कशात?"

"गुंडाच्या त्या ह्याच्यात. वाळूचं."

रंगूबाई त्याच्याकडं बघतच राहिली. खळ्यावर महिनाभर नाचलेला हा माणूस सोप्यात ज्वारी निवडणाऱ्या बाईला विचारत होता. "आधी थांबायचं. ते तू झालाईस थांबून. मग डावी दांडी. मग उजवी. मग पयला गेर."

लालानं तसं केलं. दांड्या कुरकुरल्या, खाली काहीतरी खट्ट झालं. त्यानं क्लच सोडला, आणि जीप म्हातारी म्हैस डबक्यातनं उठावी तशी उठली. पुढची चाकं वाळू धरून ओढायला लागली. ती खरंच चालली होती.

"बघितलंस!" लाला ओरडला. "बघितलंस आक्का, कशी काढली!" आणि आनंदाच्या भरात त्यानं एक्सलेटर दाबला.

पाण्याखाली एक धोंडा होता. पुढचं चाक त्याच्यावर आदळलं, स्टेअरिंग गरकन फिरलं, आणि लालाचा अंगठा त्याच्या आत होता. तो असा किंचाळला की मागं मेंढाही ओरडला. त्याचे दोन्ही पाय भलतीकडं गेले, जीपनं हिसका दिला आणि ती बंद पडली.

लाला हात छातीशी धरून वाकला होता. अंगठा वेडावाकडा झाला होता आणि बघता बघता सुजत होता. कोंडीबा खाली उतरून पाण्यात उभा होता आणि वरच्या अंगाला बघत होता.

"आक्कासाब, पानी चढतंय. फेस आलाय. काटक्या आल्यात. उतरा, चालत जाऊ. काठ लांब न्हाई."

"चल लाला."

"मी गाडी सोडून येनार न्हाई."

"खुळा हायस का? ऊठ."

"सगळा तालुका हसंल मला," लाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते अंगठ्याचं का जीपचं, कळायला मार्ग नव्हता. "लालासाब नदीत गाडी टाकून पळाला म्हनतील. मी न्हाई येत. तुमी जावा."

"मग मर," रंगूबाई म्हणाली आणि खाली उतरली. पाणी पोटरीला लागलं, थंड आणि गढूळ. ती चार पावलं काठाकडं गेली. मग तिनं वळून बघितलं. काळा चष्मा एका कानाला लोंबतोय, अंगठा छातीशी धरलाय, आणि चेअरमन साहेब लहान पोरासारखे हट्ट धरून बसलेत. ह्याला लहानपणी दोन चापट्या जास्त द्यायला पाहिजे होत्या, असं तिच्या मनात आलं. तिथं त्याला सोडून जाणं मात्र तिला जमेना.

ती परत आली. "सरक तिकडं."

"काय करतीस?"

"सरक म्हणते न्हवं!"

लाला सरकला. रंगूबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, ओल्या वहाणा मागं मेंढ्याच्या अंगावर फेकल्या आणि स्टेअरिंगपुढं बसली. पुढं सगळं पाणीच पाणी दिसत होतं. मग तिनं गुंडाचा आवाज काढला. चेष्टेसाठी नाही, पण दुसऱ्या आवाजात ते तिला आठवतच नव्हतं.

"पहले न्यूट्रल देखो." तिनं मोठी दांडी हलवली. अडकली होती. "क्लच डावा व्हय रं?"

"डावा," लाला कण्हला.

तिनं पाय दाबला, दांडी सैल केली. "बारक्या दांड्या हायत तशाच ऱ्हावद्यात. मग पाय ष्टार्टरवर." तिनं अनवाणी टाच दाबली. जीप खोकली. पुन्हा दाबली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा इंजिन धडधडायला लागलं आणि सगळं लोखंड तिच्या अंगातनं थरथरलं. "पयला गेर. दावं ढिलं. हळू. हळू गं बाई."

जीप निघाली.

ती इतकी सावकाश चालत होती की कोंडीबा तिच्यापुढं काठीनं तळ चाचपत चालू शकत होता. तो गुडघाभर पाण्यात मागं न बघता काठीनं खूण करी, इकडं, जरा इकडं, आणि रंगूबाई तिकडं वळवी. धोंडे लागत, स्टेअरिंग हातात उड्या मारी. तिचे अंगठे बाहेर होते. एकदा चाक फिरलं तसा तिनं लगेच पाय काढला. जीप जरा बसली आणि परत धरून चालली. लाला काहीतरी सांगायला बघत होता. "तोंड मीट," ती म्हणाली, आणि त्यानं मिटलं.

पुढची चाकं काठाला लागली. जीपनं नाक वर केलं आणि चढ चढली. पाणी मागं राहिलं. कोंडीबानं बाजूला होऊन दोन्ही हात वर केले.

इथं रंगूबाईच्या ध्यानात आलं, की थांबायचं कसं ते आपल्याला माहीत नाही.

"लाला, थांबू कशी?"

"ब्रेक! मधला! आगं मधला!"

तिनं घाबरून दोन्ही पाय उचलले. जीप तशीच गोगलगाईच्या चालीनं, कुणाचीही घाई नसल्यासारखी, कुणाच्या तरी रानाच्या बाभळीच्या कुंपणात शिरली, काट्यांत रुतली, धापा टाकली आणि बंद पडली. रंगूबाईच्या दंडावर ओरखडे उठले. मेंढ्यानं मागनं उडी टाकली आणि तो सरळ कुंपणापलीकडच्या रानात चालता झाला.

काठावर बसून तिघांनी नदीकडं बघितलं. लाकडं, कडबा, एक तुटकी टोपली घेऊन तांबडं पाणी त्या जागेवरनं जात होतं. जीप तिथं असती तर नुसतं वरचं टप दिसलं असतं. रंगूबाई दंडातले काटे उपटत बसली.

कुणाच्या तरी बैलजोडीनं जीप कुंपणातनं ओढून काढली, आणि लाला एका हातानं ती कशीबशी घरी घेऊन आला. गावात गोष्ट पोचली ती अशी: लालासाहेबांनी मोडक्या अंगठ्यानं, एका हातानं, पुरातनं जीप काढली. चावडीवर लाला पट्टी बांधलेला हात पुढं करून सांगत असे, आणि दरवेळी पाणी वीतभर वाढे. कोंडीबा रान बघायला आला होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. रंगूबाईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चावडीपुढनं चालली होती. ती थांबली, लालाकडं बघितलं आणि पायाशी थुंकून पुढं गेली. लालानं तेवढ्यापुरता आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी ती गुंडाच्या घरी गेली. तो अंगणात दाढी करत होता. त्यानं आरशातनंच तिच्याकडं बघितलं.

"या आक्का. हिरीवर माझा आवाज काढता म्हनं. काढा की जरा, मीबी ऐकतो."

रंगूबाई अंगणाच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "त्याच आवाजावर परवा नदी वलांडली रं."

"तुमी?" गुंडानं वस्तरा खाली ठेवला. "लालासाबानं न्हवं?"

"लालानं अंगठा मोडला."

गुंडा हसला नाही. त्यानं पहिल्यापासनं सगळं विचारून घेतलं. कुठली दांडी आधी, पाण्याची खोली किती, चाक फिरलं तवा काय केलं. शेवटी कुंपणाचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "थांबायचं ठावं न्हवतं, आन निघाला?"

"ते तू शिकवलंच न्हाईस!"

"शिकवलं हुतं. त्या दिशी तुमी बाजारला गेला हुता."

"लालाला परत शिकीव," ती म्हणाली. "न्हाईतर मरंल त्यो कुठंतरी. आन दुसऱ्याला मारंल."

"त्यास्नी न्हाई शिकवनार. मिलिटरीत असलं मानूस आमी भांडी घासाय लावत हुतो. शिकायचं आसंल तर तुमी शिका. तुमी वाकडं ऐकता, पर ऐकता."

लालाच्या हाताला पट्टी होती तोवर जीप रिकामीच होती. रंगूबाई तोडलेल्या उसाच्या रानात तिच्यावर बसली. गुंडा शेजारी बसून ओरडायचा, ती उलट ओरडायची. थांबायचं कसं ते तिनं आधी शिकून घेतलं. बांधावर माणसं जमत. "आक्का इमान कवा चालवनार?" कुणी म्हणे. "तुला जत्रंत बायकूच्या मागं चालाय येतंय का बघ आधी," ती जीपमधनं ओरडे. रोज हसायला येणाऱ्या त्या माणसांतल्या एकालाही बैल सोडून काही चालवता येत नव्हतं. काही दिवसांनी ती खताची पोती वस्तीपर्यंत न्यायला लागली. कोंडीबाचा कळप आला तेव्हा मेंढरं कोंडायच्या वाघरीसाठी मेखा आणि जाळ्या तिनंच पोचवल्या.

संक्रांतीच्या आत लालानं जीप विकली. मलकापूरचा एक ठेकेदार आला, बघून गेला, परत येऊन घेऊन गेला. लालानं घरात कुणाला विचारलं नाही. "पेट्रोल परवडत न्हाई," एवढंच म्हणाला, आणि बहिणीच्या नजरेला नजर न देता पट्टी सुटलेला हात उगीच चोळत राहिला.

रंगूबाई त्या सकाळी मेंढवाड्यात होती. इंजिनाचा आवाज तिला ऐकू आला, रस्त्याला लागला, लांब गेला. जेवायच्या वेळेला शालूबाई भाकरी घेऊन रानात आली.

"वन्सं, वाईट वाटलं का?"

"त्या डबड्याचं? लष्करानं टाकलं, आता ह्यानं टाकलं. वाईट काय वाटायचं त्यात?"

शालूबाई भाकरी सोडत होती. तिनं कालवणाची वाटी पुढं केली आणि हळूच म्हणाली, "मला बसायचं हुतं एकदा तुमच्या शेजारी. रानातनं फेरी मारून यायची हुती."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी हसला असता."

रंगूबाई हसलीच असती. विहिरीवर सगळ्यांपुढं आवाज काढून हसली असती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तो शालूबाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "बस. तूबी खा."

दोघी बांधावर बसून जेवल्या.